अंगणवाडीला पन्नास वर्षं झाली. आढावा नेमका कशाचा घेतला जातोय?

गोदाकाठ

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला देशातल्या ३३ गटांत सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. दरवर्षी पोषण महिना येतो, रांगोळ्या, प्रभातफेऱ्या, पाककृती स्पर्धा होतात. त्याला माझा विरोध नाही, बायका हौसेने येतात. पण हा धागा त्यासाठी नाही. सरकारने मुलांसाठी जे ठरवलं, ते किती झालं हे कोण बघतं आणि कसं बघतं, यावर बोलू या.

मार्च २०१८मध्ये पोषण अभियान सुरू झालं तेव्हा उद्दिष्टं लेखी होती. खुजेपणा (वयाच्या मानाने उंची कमी असणं) आणि कमी वजनाचं प्रमाण दर वर्षी दोन टक्क्यांनी खाली आणायचं, रक्तक्षय तीन टक्क्यांनी. २०२२पर्यंत देशातला खुजेपणा २५ टक्क्यांवर आणायचा. २०२२ येऊन गेलं. अभियान 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०'मध्ये सामावलं गेलं. त्या पहिल्या उद्दिष्टाचं काय झालं, हा प्रश्न जिल्हा पातळीवरच्या एकाही बैठकीत मी ऐकलेला नाही. मी एका संस्थेकडून अशा बैठकांना बसतो.

आता महाराष्ट्राचे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे पाच वर्षांखालची खुजी मुलं २००५-०६मध्ये ४६.३ टक्के होती, २०१५-१६मध्ये ३४.४ झाली. मोठी घट. पुढच्या, २०१९-२१च्या फेरीत ३५.२. म्हणजे गाडी थांबली. लुकडेपणा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असणं, दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्के. त्यातला तीव्र लुकडेपणा मात्र ९.४ वरून १०.९. कमी वजनाची मुलं ३६ टक्क्यांवरून जवळपास हललेलीच नाहीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांतला रक्तक्षय ५३.८ वरून ६८.९. नंदुरबारमध्ये निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची.

आणि हे काही पैसा, माणसं, योजना नसताना झालेलं नाही. २००५मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू करणारं हे राज्य आहे. औरंगाबादला कार्यालय, सनदी अधिकारी प्रमुख आणि लक्ष एकाच गोष्टीवर: गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे दिवस. २०१२मध्ये राज्याने स्वतंत्र पोषण सर्वेक्षण करून घेतलं, आणि दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा सात वर्षांत साधारण एक तृतीयांशाने घटल्याचं त्यात दिसलं. बाहेरच्या अभ्यासकांनी येऊन ते तपासलं. आपल्याला हे जमलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग थांबलं कुठे? माझं मत: आपण मूल बघायचं सोडून नोंद बघायला लागलो. १ मार्च २०२१पासून पोषण ट्रॅकर आहे, म्हणजे सेविकेने फोनवर नोंदी भरायचं सरकारी ॲप. बैठकीत पडद्यावर जे येतं ते असं: किती टक्के अंगणवाड्या उघडल्या, किती टक्के मुलांचं वजन-उंची भरली, किती गृहभेटी, किती आधार पडताळणी. प्रकल्प, म्हणजे साधारण तालुकाभरच्या अंगणवाड्या, हिरवा, पिवळा, लाल. हे सगळं कामाचं मोजमाप आहे. मुलाचं वजन वाढलं का, हा शेवटच्या स्लाइडवरचा मुद्दा असतो आणि तोवर जेवणाची वेळ झालेली असते.

तुमच्या भागात काय चित्र आहे? सेविका, पर्यवेक्षिका, डॉक्टर, पालक, सगळ्यांनी लिहा.

शिवारातला

चांगला धागा. खर्चाचं आधी बोलू. साध्या मुलामागे रोजचे आठ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे बारा, गरोदर-स्तनदा मातेमागे साडेनऊ. हा दर २०१७मध्ये ठरला. अन्न सुरक्षा कायद्यातल्या मूळ निकषांप्रमाणे (ते २०२३मध्ये बदलले) याच पैशांत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची होती, सकाळचा नाश्ता धरून. तेल, डाळ, गॅस सगळं कुठे गेलं ते घरात स्वयंपाक करणाऱ्याला सांगायला नको. दर वर्षानुवर्षं तोच ठेवायचा आणि परिणामाचा आढावा मात्र दर महिन्याला घ्यायचा, हे मला पटत नाही.

दुसरं, सेविका. केंद्राने ठरवलेलं मानधन ऑक्टोबर २०१८मध्ये साडेचार हजार झालं, त्यावरचं राज्य घालतं. ४ डिसेंबर २०२३पासून आपल्याकडे बावन्न दिवस संप चालला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये गुजरातच्या सेविकांच्या प्रकरणात ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी सेविका अजून कागदावर 'मानसेवी'च. धोरणाच्या आढाव्यात धोरण राबवणाऱ्या बाईचा आढावा कुठल्या रकान्यात येतो?

आकडेमोड

गोदाकाठ, तुमच्या मुद्द्याला एक जोड देतो. मला यातली सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते ती ही.

संसदेत दिलेल्या उत्तरांत २०२४च्या मध्याची पोषण ट्रॅकरची देशपातळीवरची आकडेवारी आहे. खुजी मुलं सुमारे ३५-३६ टक्के, कमी वजनाची सुमारे १७, लुकडी ५-६. आता २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले देशाचे आकडे बघा: खुजी ३५.५, कमी वजनाची ३२.१, लुकडी १९.३.

खुजेपणा दोन्हीकडे सारखा. कमी वजन निम्म्यावर. लुकडेपणा तिसऱ्या हिश्श्यावर.

खुजेपणा ठरतो वय आणि उंचीवरून, त्यात वजनाचा संबंध नाही. उरलेल्या दोन्हींत वजन आहे. म्हणजे जिथे वजनाचा आकडा लागतो तिथेच सुधारणा दिसते, जिथे लागत नाही तिथे नाही. मुलांचं खाणं खरोखर इतकं सुधारलं असतं तर तीन-चार वर्षांत उंचीवरही थोडा तरी परिणाम दिसायला हवा होता. सरळ वाचन असं की वजनं जास्त भरली जात आहेत. सगळीकडे नाही, सगळी मुद्दाम नाही. काटा शून्यावर न आणणं, कपड्यांसकट वजन, मूल रडतं म्हणून मागच्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवून टाकणं. पण सगळ्या चुका एकाच दिशेला जातात तेव्हा त्यामागे कारण असतं.

वृषाली_पुणे

@आकडेमोड, थोडं सबुरीने. दोन सर्वेक्षणांत वर्षांचं अंतर आहे. ट्रॅकरवर फक्त अंगणवाडीत नोंदलेली मुलं, कुटुंब सर्वेक्षणात सगळी. शिवाय कुटुंब सर्वेक्षणाच्या पाचव्या, म्हणजे २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातलं काम जून ते डिसेंबर २०१९ असं झालं, म्हणजे पावसाळा त्यात आला. पावसाळ्यात जुलाब, ताप, घरात धान्य कमी. लुकडेपणा तेव्हा वाढलेलाच असतो. घाईत मोजमाप झालं की टोकाचे आकडेही वाढतात, हा सांख्यिकीतला माहीत असलेला दोष आहे.

मी ट्रॅकरच्या बाजूने लिहितेय, कारण आधीचं बघितलंय. अकरा-अकरा रजिस्टरं होती, महिन्याचा अहवाल खालून वर जाताना तीन ठिकाणी हाताने बेरीज व्हायची. एका मुलाचा मागोवा घेणं अशक्य होतं. आज मूल नावानिशी दिसतं. कुटुंब एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं तरी नोंद सोबत नेता येते. साधन वाईट नाही.

आकडेमोड

पावसाळ्याचा मुद्दा मान्य, काही फरक त्याने समजतो. पण मोजमापातल्या ढिलाईने टोकाचे आकडे वाढतात असं म्हटलं, तर उंचीतल्या ढिलाईने खुजेपणाही वाढायला हवा. तो तर दोन्हीकडे जुळतो. नोंदलेली मुलं वेगळी म्हणाल, तर अंगणवाडीत नाव असतं ते प्रामुख्याने गरीब घरातल्या मुलांचं. तिथे लुकडेपणा जास्त असायला हवा, कमी नाही.

साधन वाईट आहे असं मीही म्हणत नाही. मोजणारा हात आणि ज्याला जाब विचारायचा तो हात एकच आहे, एवढंच म्हणतोय.

माईची_शाळा

मी पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. सगळं वाचलं, तर आतलं सांगते.

बैठकीत सॅमची, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांची संख्या वाढली की उभं करतात. "मागच्या महिन्यात तीन होती, आता नऊ कशी?" असा प्रश्न येतो. संख्या कमी झाली की कुणी विचारत नाही की बाई, सहा मुलं खरंच बरी झाली का, की गाव सोडून गेली, की गेलीच. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांत एक सेविका होती, अतिशय नेकीची. ती दंडाचा घेर मोजायचा पट्टा घेऊन वस्तीवर फिरायची, पाड्यावरची अंगणवाडीत न येणारी मुलंही मोजायची. तिच्याकडे सॅम जास्त सापडायची, कारण ती शोधायची. तिलाच कारणे दाखवा नोटीस आली. मी तिच्या बाजूने लेखी उत्तर दिलं, नोटीस मागे घेतली गेली. पण आसपासच्या सेविकांनी त्यातून काय धडा घेतला असेल ते सांगायला नको. पुढच्या महिन्यापासून त्यांची सॅम मुलं आणखी कमी झाली.

एक समजून घ्या, सेविका खोटारड्या नाहीत. सॅम मूल भरलं की ग्राम बाल विकास केंद्र सुरू करायचं, दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालायचं, औषध द्यायचं, वजन घ्यायचं. त्याचा निधी वेळेवर आला नाही तर किराणा दुकानदाराची उधारी तिच्या नावावर. मूल बाल उपचार केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं तर आईला समजवायचं. आई म्हणते, घरी दोन लेकरं आणखी आहेत, शेळ्या आहेत, त्यांचं कोण बघणार? बुडीत मजुरी मिळते, पण हातात उशिरा पडते. मूल वाढून परत येतं आणि त्याच घरात, त्याच खाण्यात दोन महिन्यांत पुन्हा खाली. घरी परतल्यावर तीन महिन्यांनी त्याचं वजन काय, हे कुठल्याही बैठकीत मला कुणी विचारलेलं आठवत नाही. तो एक आकडा विचारला असता तर आम्ही सगळ्या वेगळं काम केलं असतं.

गोदाकाठ

माई, तुम्ही लिहिलंत ते या धाग्याचं मूळ आहे. जास्त मुलं शोधणारी सेविका चांगली सेविका, हे राज्याच्या आढाव्यात लेखी यायला हवं. क्षयरोगाच्या कार्यक्रमात रुग्ण शोधणं हेच काम मानलं जातं, नवे रुग्ण सापडले म्हणून कर्मचाऱ्याला नोटीस जात नाही. बालकांच्या बाबतीत उलटं का?

हे दुखणं आजचं नाही. मेळघाट, जव्हार-मोखाडा इथले बालमृत्यू नव्वदच्या दशकात गाजले. मेळघाटावरच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालू आहेत. राज्य सरकारनेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली होती. बालमृत्यू आणि कुपोषण सरकारी दप्तरात प्रत्यक्षापेक्षा फार कमी नोंदले जातात, असं तिने स्पष्ट मांडलं. वीस वर्षांपूर्वीचं हे निदान आहे, तेही सरकारी समितीचं.

म्हणून माझी मागणी एकच. दर तिमाहीला प्रत्येक प्रकल्पातल्या काही अंगणवाड्या चिठ्ठी टाकून निवडा आणि तिथल्या मुलांचं वजन-उंची दुसऱ्या खात्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या माणसांकडून पुन्हा घ्या. दोन आकड्यांतली तफावत जाहीर करा. सेविकेला शिक्षा करण्यासाठी नाही, जिल्ह्याचा आकडा विश्वासाचा आहे की नाही ते कळण्यासाठी.

कोयता_आणि_पेन

बीडकडून. आमच्याकडे दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांसोबत दीड-दोन वर्षांची लेकरं जातात, कारण दूध पितं मूल आजीजवळ ठेवता येत नाही. मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या तळावर, कोपीत म्हणजे झोपडीत. पहाटे चारला आई फडात, मूल बांधावर पाचटावर. स्थलांतरित लाभार्थींचा माग ठेवणारी प्रणाली राज्याने आणली, चांगलं केलं. पण तळावर अंगणवाडी कुठली? जवळच्या गावच्या सेविकेने नाव घेतलं तर तिचा शिधा तिच्या मंजूर संख्येइतकाच येतो. आमच्या गावात त्या मुलाची नोंद 'स्थलांतरित' आणि तिकडे नोंद नाही. पाच-सहा महिने ते मूल कोणाच्याच आढाव्यात नाही. आणि हे महिने नेमके तुम्ही म्हणता त्या पहिल्या दोन वर्षांतले.

१ जुलै २०२५पासून घरपोच आहारासाठी चेहरा ओळख सक्तीची झाली. फडावरून पाकीट न्यायला आजी आली तर फोनमध्ये चेहरा आईचा. रेंज नाही ते वेगळंच.

वृषाली_पुणे

@कोयता_आणि_पेन, या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. पडताळणी हवी, पण पडताळणी झाली नाही म्हणून मुलाचं खाणं अडता कामा नये, हे लेखी आदेशातच हवं. अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क फोनच्या कॅमेऱ्यावर अवलंबून ठेवता येणार नाही.

भाषेचंही असंच झालं होतं. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी फोन परत केले, त्यात निकृष्ट फोनसोबत ट्रॅकर मराठीत नसण्याचीही तक्रार होती. आधी विचारलं असतं तर ते आंदोलन टळलं असतं.

डहाणूची_नात

सगळे वजन-उंचीवर बोलताय. अंगणवाडीच्या सहा सेवांत शालापूर्व शिक्षणही आहे ना? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५मध्ये काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवायची, ही कल्पना आमच्या भागातली. देशभर पसरलेल्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. आणि आज आमच्याच तालुक्यात चार वर्षांचं मूल अंगणवाडीत काय करतं? खिचडी खातं आणि घरी जातं. जरा पैसे असलेले पालक मुलांना इंग्रजी नर्सरीत घालतात, मग पट कमी होतो.

राज्याचा 'आकार' अभ्यासक्रम चांगला आहे, मी वाचलाय. पण सेविकेचा वेळ फोनमध्ये जातो. तिला रोज दोन तास निव्वळ मुलांसोबत मिळतात का, हेही आढाव्यात विचारा.

लीड्सकर

इंग्लंडमधून लिहितोय, तुलना थोडक्यात करतो. इथे १९९९पासून 'शुअर स्टार्ट' नावाची केंद्रं गरीब वस्त्यांत सुरू झाली: आरोग्य, खेळ, पालकांना मदत, सगळं एका छपराखाली. २०१०नंतर निधी कापला गेला, बरीचशी बंद पडली. त्यानंतर इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या स्वतंत्र संस्थेने त्या वस्त्यांतली मुलं मोठी झाल्यावर त्यांच्या रुग्णालयाच्या आणि सोळाव्या वर्षीच्या परीक्षेच्या नोंदी तपासल्या. लहानपणी केंद्राजवळ राहिलेल्या मुलांची तब्येतही बरी आणि गुणही चांगले निघाले, गरीब घरांत फायदा जास्त. आणि तो मुख्यतः सुरुवातीच्या केंद्रांचा, ज्यांना पैसा पुरेसा होता आणि जी वस्तीतल्या लोकांना हाताशी धरून चालली.

गोदाकाठ, जिजाऊ मिशनच्या काळातली मुलं आता अठरा-वीस वर्षांची असतील. त्यांचं पुढे काय झालं, हे आपल्याकडे कुणी बघितलंय का?

गोदाकाठ

माझ्या वाचनात नाही. व्हायला हवं. नोंदी आहेत, शाळांकडेही आहेत.

शिवारातला

एक चांगलं उदाहरणही लिहू या. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, २०१५पासून अनुसूचित क्षेत्रात. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एक चौरस ताजं जेवण, मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी. कंत्राटदार नाही, पाकीट नाही, गावातली आहार समिती खरेदी करते. जिथे समितीच्या खात्यात पैसे वेळेवर येतात तिथे ही योजना मी डोळ्यांनी चालताना पाहिली आहे. बायका एकत्र बसून जेवतात, त्यामुळे ते जेवण तिच्याच पोटात जातं, घरात वाटलं जात नाही. पाकिटाचं तसं होत नाही, चव आवडली नाही तर ते गुरांपुढे जातं. कुटुंब सर्वेक्षणात राज्यातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी दहा टक्क्यांच्याही आत होती. या वयाच्या मुलाला पाकीट देऊन भागणार नाही, आईला हातात रोख किंवा गावात शिजलेलं अन्न पाहिजे, असं माझं मत आहे.

नवी_आई_लातूर

मी फक्त वाचत होते. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे, अंगणवाडीत नाव आहे. गावातल्या बाकीच्या मुलांचं काय हे मला बघायचं असेल तर कुठून सुरुवात करू? सेविकाताईंना त्रास होईल असं काही करायचं नाही.

माईची_शाळा

ताई, फार छान विचारलंत. सेविकेच्या विरोधात जाऊ नका, तिच्या शेजारी उभ्या राहा. महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य व पोषण दिन असतो, त्या दिवशी आरोग्यसेविका लसीकरणाला येते. दोन-चार आयांना घेऊन तिथे जा. वजन घेताना काटा शून्यावर आहे का बघा, मुलाचे जाड कपडे काढा, आणि आकडा फोनमध्ये जाण्याआधी तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. दंडाच्या पट्टीचं माप सोपं आहे, सहा महिन्यांपुढच्या मुलाला साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं तर त्याच दिवशी आरोग्यसेविकेला सांगायचं, साडेअकरा ते साडेबारा असेल तर लक्ष ठेवायचं.

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. सरपंचांना विचारा तिची शेवटची बैठक कधी झाली आणि समितीचा निधी कशावर खर्च झाला. काटा बिघडला असेल तर तो त्या निधीतून दुरुस्त करता येतो, सेविका वरून काटा यायची वाट बघत बसते.

गोदाकाठ

आणि ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. अर्जात मुलांची नावं मागू नका, ती खासगी बाब आहे. फक्त एवढं मागा: मागच्या बारा महिन्यांत दर महिन्याला किती मुलांचं वजन घेतलं, किती सॅम, किती मॅम (मध्यम कुपोषित), किती उपचार केंद्रात पाठवली आणि परत आलेल्यांपैकी किती तीन महिन्यांनंतरही बरी आहेत. ग्रामसभेत मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात बाल विकास प्रकल्प अधिकारी कार्यालयाकडे अर्ज करा. नमुना अर्ज मी रविवारपर्यंत इथेच टाकतो. माई, तुम्ही एकदा नजर टाकाल का, म्हणजे सेविकेवर काही शेकणार नाही असे शब्द ठेवता येतील.

माईची_शाळा

टाका. मी बघते. आणि त्यात बदल्या आणि रिक्त पदांचाही प्रश्न घाला, एका पर्यवेक्षिकेकडे दोन-दोन बीट असतील तर ती कुठल्या मुलाचं वजन तपासणार?

कोयता_आणि_पेन

ऊसतोडीच्या गावांसाठी त्यात एक ओळ वाढवा: 'स्थलांतरित' शेरा असलेली मुलं किती, आणि ती परत आल्यावर पहिलं वजन कधी घेतलं. मी आमच्या तीन गावांत देतो.